यंत्राची कुंडली कोणाच्या हाती?

जून महिना उजाडला की महाविद्यालयांत प्रवेशाची धांदल सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ आणखी एक बाजार गजबजतो. तो म्हणजे जुन्या लॅपटॉपचा. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नसलेला विद्यार्थी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातील एखाद्या दुकानात जातो, कळा दाबून पाहतो, पडद्यावर डाग नाहीत ना हे तपासतो आणि दुकानदाराच्या शब्दावर विसंबून पैसे मोजतो. बॅटरी अगदी नव्यासारखी आहे आणि डिस्क फारशी वापरलेली नाही, ही दोन वाक्ये या व्यवहारात हटकून उच्चारली जातात. ती खरी की खोटी, हे ग्राहकाला कळत नाही. पुष्कळदा ते दुकानदारालाही कळत नसते. चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्या यंत्राविषयी हा संवाद चाललेला असतो त्या यंत्राला मात्र ते नेमके ठाऊक असते. बॅटरी किती वेळा भरली आणि रिकामी झाली, डिस्क किती तास फिरली, या साऱ्याची नोंद यंत्र स्वतःच ठेवीत असते.

मग ही नोंद कोणी पाहावी, किती पाहावी आणि कोणत्या वाटेने पाहावी? वरकरणी हा प्रश्न तंत्रज्ञांचा वाटतो आणि म्हणूनच आपण तो त्यांच्यावर सोपवून मोकळे झालो आहोत. वस्तुतः तो मालमत्तेचा, बाजाराचा आणि नागरिकाच्या अधिकारांचा प्रश्न आहे. शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी या वर्गाचे दैनंदिन काम आज ज्या यंत्रांवर चालते, त्या यंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न त्यांनीच विचारला पाहिजे.

तलाठ्याचे दप्तर

प्रथम ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. आपण संगणकावर जे कार्यक्रम चालवितो, मग ते पत्र लिहिण्याचे असोत की हिशेबाचे, त्यांना यंत्राच्या प्रत्यक्ष भागांना हात लावण्याची मुभा नसते. आजच्या संगणकाचा प्रोसेसर निरनिराळ्या अधिकारपातळ्यांवर काम करतो. वरची, सर्वाधिकाराची पातळी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी राखून ठेवलेली असते. तुमचेआमचे कार्यक्रम खालच्या पातळीवर चालतात. डिस्क, बॅटरी, छपाईयंत्र, कॅमेरा यांच्याशी बोलणे हे 'ड्रायव्हर' नावाच्या छोट्या आज्ञावलीचे काम असते, आणि हे ड्रायव्हर बहुधा गाभ्यातच वसतात. प्रत्येक उपकरणाची बोली निराळी. ती बोली जाणणारा ड्रायव्हर नसेल, तर ते उपकरण कार्यक्रमांच्या दृष्टीने मुके असते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना समजण्यास तलाठ्याचे उदाहरण पुरेसे व्हावे. गावातील जमिनीची नोंद दप्तरात असते. कोणीही उठून त्या दप्तरात हात घालू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु दप्तर बंद म्हणून माहितीही बंद, असे मात्र होत नाही. ठरलेल्या नमुन्यात उतारा मिळतो. सातबारा वाचता येतो, त्यावर खाडाखोड करता येत नाही. ड्रायव्हर हा यंत्राच्या दप्तराचा असाच रखवालदार आहे, आणि त्याने कार्यक्रमांना कोणते उतारे द्यावेत, हाच आपला विषय आहे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने या बाबतीत घालून दिलेला पाठ लक्षात घेण्याजोगा आहे. १९६९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये जन्मलेल्या युनिक्सने उपकरणालाही फाइलसारखे वागविण्याची प्रथा पाडली. त्या परंपरेतून आलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २००३ मध्ये, 'सिसएफएस' नावाची व्यवस्था रुजू झाली. हिच्यात प्रत्येक उपकरणाचे एक कप्पेवजा पान असते आणि त्यात लहान लहान फाइली असतात. एका फाइलमध्ये शक्यतो एकच मूल्य, असा तिचा दंडक आहे. बॅटरीच्या कप्प्यात एका फाइलमध्ये कारखान्यातून निघतानाची क्षमता, दुसरीत आजची पूर्ण क्षमता, तिसरीत भरण्या-रिकामे होण्याच्या फेऱ्यांची संख्या. तापमानाच्या फाइलमध्ये ४५००० हा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ ४५ अंश सेल्सिअस, कारण नोंद अंशाच्या हजाराव्या भागात केलेली असते. या फाइली डिस्कवर कोठेही साठविलेल्या नसतात. कार्यक्रमाने त्या वाचावयास घेतल्या की ड्रायव्हर त्या क्षणी उपकरणाला विचारतो आणि उत्तर लिहून देतो. जणू अर्ज करताच तयार होणारा ताजा उतारा!

विंडोजमध्ये वाट निराळी आहे. तेथे ठरावीक विनंत्यांच्या द्वारे ड्रायव्हरला प्रश्न विचारावे लागतात, आणि 'डिव्हाइस मॅनेजर' या परिचित पडद्यावर त्यांतील थोडीशी उत्तरे दिसतात. बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता दाखविणारा अहवाल तेथेही एका आज्ञेने तयार होतो. परंतु अशी आज्ञा आहे, हेच शंभरातील किती ग्राहकांना ठाऊक असते?

लिंबांचा बाजार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांच्या १९७० सालच्या निबंधाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. सदोष मोटारीला अमेरिकेत बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा साहजिकच सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही आणि बाजारात लिंबेच उरतात. हे ओळखून घेणारा आपली किंमत आणखी उतरवितो. अज्ञानाची किंमत अशा रीतीने फसविला गेलेला एकटा ग्राहकच मोजीत नाही. प्रामाणिक विक्रेताही ती मोजतो, आणि अखेरीस बाजारच आक्रसतो. या विचाराबद्दल अ‍ॅकरलॉफ यांना २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पुरस्कार मिळाला.

आता या विवेचनात मोटारीच्या जागी लॅपटॉप घालून पाहावे. मोटारीचे दोष जाणकार मिस्त्रीला निदान आवाजावरून ओळखता येतात. बॅटरी आणि डिस्क यांचे दोष बाहेरून ओळखण्याची सोयच नाही. परंतु त्याचबरोबर मोटारीला जे साधत नव्हते ते येथे साधते. वस्तू स्वतःच आपली साक्ष देऊ शकते. डिस्क 'स्मार्ट' नावाच्या पद्धतीने आपल्या चालू राहिलेल्या तासांची आणि निकामी होऊन बदललेल्या भागांची नोंद ठेवते. ती नोंद ड्रायव्हरच्या वाटेने बाहेर आली, तर अ‍ॅकरलॉफ यांचा अर्धा प्रश्न सुटतो. चांगली बॅटरी असलेल्या यंत्राला चांगली किंमत मिळू लागते आणि वाईटाला वाईट. यासाठी सरकारी निरीक्षक नको की प्रमाणपत्रांचे भेंडोळे नको. एक आकडा वाचता आला म्हणजे झाले.

ही साक्ष खोटी पाडता येत नाही असे मात्र नाही. २०२५ च्या आरंभी जर्मनीत असे उघडकीस आले की, सीगेट या कंपनीच्या काही वापरलेल्या हार्ड डिस्क कोऱ्या करकरीत म्हणून विकल्या जात होत्या. त्यांच्या 'स्मार्ट' नोंदीतील तासांचे आकडे कोणी तरी पुसून टाकले होते. लबाडी पकडली गेली ती याच डिस्कमधील 'फार्म' नावाच्या दुसऱ्या, अधिक तपशीलवार नोंदवहीमुळे. तिच्यात हजारो तासांच्या वापराचा हिशेब तसाच शिल्लक होता. सातबाऱ्यावर संशय आला की आपण फेरफार नोंद काढून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. एकाच नोंदीवर विसंबू नये, आणि नोंदी जितक्या अधिक व जितक्या उघड, तितकी लबाडी महाग पडते.

आकडा लपविल्याची किंमत

माहिती यंत्रात असूनही मालकाला दिली नाही तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आयफोनचे आहे. २०१७ साली जुने आयफोन वापरणाऱ्या पुष्कळांना आपला फोन मंदावला असल्याचा अनुभव येत होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात जॉन पूल या तंत्रज्ञाने वेगमापनाच्या चाचण्यांचे आकडे एकत्र मांडून दाखविले की, हा भास नसून ठरावीक सॉफ्टवेअर-आवृत्त्यांपासून फोन खरोखरच मंद झाले आहेत. त्यानंतर अ‍ॅपल कंपनीने मान्य केले की, बॅटरी जुनी झाली असता फोन अकस्मात बंद पडू नये म्हणून प्रोसेसरचा वेग कमी केला जातो.

तांत्रिक दृष्ट्या हा उपाय समर्थनीय होता असे मानले, तरी एक गोष्ट उरतेच. बॅटरी क्षीण झाल्याचे सॉफ्टवेअरला ठाऊक होते आणि त्या माहितीवर ते निर्णयही घेत होते. मालकाला मात्र त्याचा थांगपत्ता नव्हता. त्याला एवढेच दिसत होते की फोन म्हातारा झाला, आता नवा घ्यावा. पुढे कंपनीने बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला. म्हणजे २९ डॉलरांत जो फोन पूर्ववत होऊ शकत होता, त्याच्या जागी शेकडो डॉलरांचा नवा फोन घेण्याचा निर्णय अनेकांनी घेतला असेल, आणि तोही एका आकड्याच्या अभावी! मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ या आवृत्तीबरोबर बॅटरीचे आरोग्य दाखविणारा पडदा आला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना पुरेशी माहिती न दिल्याबद्दल. त्याच वर्षी अमेरिकेत कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली.

हे प्रकरण एका कंपनीपुरते पाहू नये. नवी वस्तू विकणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याच हाती जुन्या वस्तूच्या आरोग्याची माहिती देण्या-न देण्याचा अधिकार असला, तर तो अधिकार ग्राहकाच्या हिताने वापरला जाईल अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल.

उघड्या दप्तराचा धोका

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, मग सारेच दप्तर उघडे टाकावे. तसे करणे घातक ठरले असते, याचेही पुरावे आहेत आणि ते नजरेआड करता येणार नाहीत.

१९९९ साली इंटेल कंपनीने पेंटियम ३ या प्रोसेसरमध्ये प्रत्येकाचा स्वतंत्र अनुक्रमांक घातला आणि तो कार्यक्रमांना वाचता येईल अशी सोय केली. व्यवहार सुरक्षित व्हावेत, हा सांगितलेला हेतू. परंतु यंत्राचा कायमचा क्रमांक प्रत्येक कार्यक्रमाला मिळू लागला, म्हणजे त्या यंत्रामागच्या माणसाचा माग काढणे सोपे झाले. अमेरिकेत यावर गदारोळ उठला आणि पुढच्या पेंटियम ४ मधून हा क्रमांक वगळावा लागला.

बॅटरीचीच दुसरी कथा पाहा. वेबपानांना बॅटरीची पातळी कळावी आणि ती कमी असल्यास पानाने आपले काम आटोपते घ्यावे, अशी सोय काही ब्राउझरांनी केली होती. हेतू निरुपद्रवी होता. परंतु २०१५ साली संशोधकांनी दाखवून दिले की, लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये हा आकडा इतक्या बारकाईने मिळत होता की, त्यावरून एकच व्यक्ती वेगवेगळ्या संकेतस्थळांवर हिंडत असल्याचे अल्पकाळ तरी ओळखता यावे. फायरफॉक्सने आधी आकड्याचा बारकावा कमी केला आणि २०१७ च्या मार्चमध्ये, ५२ व्या आवृत्तीत, ही सोय वेबपानांकडून काढूनच घेतली.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. इंटेलचे प्रोसेसर स्वतःला किती ऊर्जा लागते हे मोजतात. लिनक्समध्ये हा आकडा एका फाइलमधून कोणत्याही सामान्य कार्यक्रमाला वाचता येत असे. ऊर्जेच्या आकड्यात कसले आले आहे गुपित, असेच कोणालाही वाटले असते. परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथील तंत्रविद्यापीठाच्या आणि अन्य संशोधकांनी दाखविले की, ऊर्जेतील सूक्ष्म चढउतारांचे निरीक्षण करून यंत्रातील गुप्त किल्ल्यांचा माग काढता येतो. तेव्हा ती फाइल वाचण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकापुरता मर्यादित करण्यात आला.

सातबाऱ्याची उपमा येथे अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे. जमीन गावात सर्वांच्या डोळ्यांसमोर पडलेली असते. फोन खिशात असतो. त्याच्याविषयीची माहिती ही बघता बघता त्याच्या धन्याविषयीची माहिती होऊन बसते.

धन्याला सर्व, परक्याला गरजेपुरते

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की असे दिसते की, बॅटरीचा एकच आकडा मालकाच्या हाती न्यायाचे साधन होतो आणि परक्याच्या हाती पाळतीचे. तेव्हा 'माहिती उघडी असावी की बंद?' हा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला जात आहे. ती कोणासाठी उघडी असावी, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर माझ्या मते असे: यंत्राने स्वतःविषयी जे काही मोजले आहे ते यंत्राच्या मालकाला निरपवाद मिळाले पाहिजे. त्या यंत्रावर चालणाऱ्या इतर कार्यक्रमांना मात्र त्यांच्या कामापुरतेच आणि मालकाच्या संमतीनेच मिळावे.

आजची वस्तुस्थिती पुष्कळदा नेमकी उलटी असते. विजेरीचे फुटकळ अ‍ॅप आपल्या फोनचे अनेक तपशील मागून घेते आणि फोनच्या मालकाला मात्र आपल्या बॅटरीच्या फेऱ्या किती झाल्या हे शोधून सापडत नाही. परिस्थिती सुधारत नाही असे नाही. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, सामान्य अ‍ॅपना फोनचा आयएमईआय क्रमांक वाचता येत नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या स्मार्टफोनांत बॅटरीच्या फेऱ्या आणि तिचे आरोग्य वापरणाऱ्याला पाहता यावे, असे बंधन उत्पादकांवर आले आहे. एकीकडे परक्याचा हात आखडणे आणि दुसरीकडे धन्याला उतारा देणे, ही दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत.

यावर उत्पादकांचा आक्षेप ठरलेला आहे. आमची व्यापारी गुपिते फुटतील, असे ते म्हणतात. परंतु बॅटरी किती शिणली आहे हे सांगितल्याने ती कशी बनविली हे कळत नाही. तापमापकातील पारा वाचणाऱ्याला तापमापक बनविण्याची विद्या प्राप्त होत नाही. दुसरा आक्षेप असा की, सामान्य माणसाला हे आकडे काय कळणार? सातबाऱ्यावरील प्रत्येक रकाना तरी किती शेतकऱ्यांना कळतो? कळणारा कोणी तरी गावात असतो आणि तो उतारा वाचून दाखवितो, एवढ्यानेही व्यवहारात धाक राहतो. आकडा उपलब्ध असला की तो वाचून सोप्या भाषेत सांगणारे कार्यक्रम निघतात, दुरुस्ती करणारा कारागीर तो पाहतो आणि विक्रेत्याला थाप मारण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्याकडे कायद्याची पार्श्वभूमी प्रतिकूल नाही. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मान्य केला आहे, आणि तो त्यापूर्वीच्या १९८६ च्या कायद्यातही होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही सुरू केले. दुसऱ्या बाजूला, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आणि २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झाला. मालकाला माहिती आणि परक्याला मज्जाव, या दोन्ही तत्त्वांना असा आधार आहे. उणीव आहे ती यंत्राची माहिती हीदेखील 'वस्तूच्या दर्जाची माहिती' आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगणाऱ्या नियमाची.

परंतु नियमाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत संगणकांचे निर्लेखन बहुधा खरेदीची तारीख पाहून केले जाते. यंत्राची प्रकृती कोणी पाहत नाही. वर्षे भरली की सुस्थितीतील यंत्रे भंगारात जातात आणि वर्षे भरली नाहीत म्हणून मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे निकाल साठविले जातात. निर्लेखनाच्या प्रस्तावाला डिस्कचा आणि बॅटरीचा अहवाल जोडणे सक्तीचे केले, तर एका पैशाचाही खर्च न येता हा दुहेरी अपव्यय टळेल. नव्या खरेदीच्या निविदेत, यंत्राच्या आरोग्याचे आकडे मालकाला कोणतेही खास सॉफ्टवेअर विकत न घेता वाचता आले पाहिजेत, अशी एक अट घालता येईल. आणि संगणकाच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत अक्षरे ठळक कशी करावीत हे शिकविण्याबरोबर, आपल्या यंत्राचा उतारा कसा काढावा हेही शिकविता येईल.

जुन्या वस्तूंचा बाजार हा गरिबांचा बाजार असतो. श्रीमंताला अज्ञान परवडते, कारण तो हमीपत्रासह नवी वस्तू घेतो. बँकेत मोजके पैसे असलेल्या पालकाला आपल्या मुलासाठी घेतलेला लॅपटॉप सहा महिन्यांत बंद पडणे परवडत नाही. त्याला हवी असलेली माहिती त्या यंत्राच्या पोटात आधीच लिहिलेली आहे. ती त्याच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी नवा शोध लागण्याची गरज नाही. विकत घेण्यापूर्वी तो उतारा मागण्याची सवय ग्राहकांना लागली आणि तो देणे विक्रेत्यांना व उत्पादकांना भाग पाडले गेले, तर पुढच्या जूनमध्ये हा बाजार थोडा अधिक प्रामाणिक झालेला दिसेल.